प्रवासातला वस्तरा

दाढीसाठी वस्तरा दिवसातून जेमतेम दहा मिनिटे हातात असतो. उरलेला वेळ तो नुसता पडून असतो. घरी तो कोरड्या कपाटात पडतो. प्रवासात ओल्या टॉवेलशेजारी, बंद बॅगेत, कधी समुद्रकाठच्या खोलीत, कधी गाडीच्या तापलेल्या डिकीत. म्हणून प्रवासासाठी वस्तरा निवडताना तो दाढी किती सुरेख करतो याच्या आधी, हातात नसताना काय काय सोसू शकतो हे पाहावे लागते. घरचा सर्वात लाडका वस्तरा या कसोटीला बहुधा उतरत नाही.

वस्तऱ्याची रचना साधी आहे. पात्याच्या एका अंगाला जाड पाठ, दुसऱ्या अंगाला धार; मागचा भाग निमुळता होत शेपटीसारखा वर वळलेला, त्यावर करंगळी टेकते; आणि हे सगळे एका खिळीभोवती फिरून दोन पट्ट्यांच्या मुठीत मिटते. पाठ जाड ठेवलेली असते ती केवळ मजबुतीसाठी नव्हे. धार लावायच्या दगडावर, म्हणजे पथरीवर, घासताना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. तो साधारण १६ ते १८ अंशांच्या आसपास असतो. धार इतकी पातळ असते की तिची जाडी मायक्रॉनच्या अपूर्णांकात मोजावी लागते. दाढीचा केस शंभर मायक्रॉनच्या घरातला. एवढ्या पातळ कडेला बिघडायला फार काही लागत नाही. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धार जाते, याचे कारण २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले: केस तिरका वाकला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा टवका उडतो. केसाने हे होते, तर नळाच्या तोटीने काय होईल ते वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राला फिरता वस्तरा नवा नाही. बलुतेदारीच्या काळात गावचा न्हावी धोकटी काखेला मारून घरोघर जाई. धोकटी म्हणजे कप्प्याकप्प्यांची पिशवी. तीत वस्तरे, कात्री, नखे काढायची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, हातात मावेल एवढा आरसा, पथरी आणि चामोटी, म्हणजे धार परजायचे चामडे. संत सेना महाराजांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात यातलेच आरसा आणि चिमटा विवेक-वैराग्याची रूपके होऊन येतात. ओसरीवर बसून, वाटीभर पाण्यात, अंगणातल्या उजेडात दाढी होई, आणि वस्तरा दोन दाढ्यांच्या मध्ये चामोटीवर किंवा सरळ तळहातावर पलाटला जाई. त्या धोकटीत नक्षीदार मुठीचा वस्तरा नसे. रोज फिरणाऱ्या माणसाचे हत्यार साधे, एकाला दुसरे जोड असलेले आणि थोडक्या जागेत मावणारे होते. प्रवासी वस्तऱ्याचा विचार आजही इथूनच सुरू करावा.

पहिला प्रश्न पोलादाचा. जुने बहुतेक वस्तरे कार्बन पोलादाचे आहेत. इंग्लंडमधल्या शेफील्डला अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद करण्याची रीत बसवली आणि पुढे शंभरेक वर्षे शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगनने पाते दोन्ही अंगांनी खोल, अंतर्वक्र घासण्यात हातखंडा मिळवला आणि बाजार तिकडे सरकला. झोलिंगन हे नाव पात्यावर कोणी घालावे यासाठी १९३८ साली तिथे कायदाच झाला. या दोन्ही गावांच्या कार्बन पोलादाला पथरीवर धार पटकन येते, चामोटीवर ती पुन्हा सहज जागी होते, म्हणून जाणकार त्याच्या प्रेमात असतात.

पण हे पोलाद ओल सहन करत नाही. रत्नागिरीला जुलै महिन्यात कार्बन पोलादाचा वस्तरा ओलसर पुसून मिटून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसले तरी नवल नाही. पाठीवरचा ठिपका नुसता कुरूप असतो, पॉलिशने निघतो. धारेवरचा ठिपका मात्र धारच खातो, कारण तिथे खायला धातू असतोच किती? गंज आधी लागतो तोही नजरेआड: खिळीपाशी आणि मुठीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत, जिथे साबणाचे पाणी शिरते आणि फडके पोचत नाही. खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होते.

म्हणून प्रवासासाठी स्टेनलेस पोलादाचे पाते घ्यावे. त्यात क्रोमियमचे प्रमाण किमान साडेदहा टक्के आणि वस्तऱ्याच्या पात्यात सहसा त्याहून थोडे जास्त असते. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो आणि तो गंजाला थोपवतो. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे असे मात्र नाही, समुद्राचे मीठ त्यालाही बाधते. पण एक दिवसाचा आळस ते माफ करते. कार्बन पोलाद करत नाही. याची किंमत पथरीवर मोजावी लागते. स्टेनलेसला धार आणायला अधिक वेळ आणि अधिक चिकाटी लागते. पण पंधरा दिवसांच्या प्रवासात पथरी काढायची वेळच येऊ नये, तेव्हा हा तोटा घरी राहतो. झोलिंगनचे डोव्हो, फ्रान्समधल्या तिएरचे तिएर-इसार यांच्यासारखे जुने कारखाने नावाजलेले आहेत, आणि स्टेनलेस पाती बाजारात मिळतात. ज्याच्याकडे आधीच कार्बन पोलादाचा चांगला वस्तरा आहे त्याने केवळ प्रवासासाठी नवा घ्यायलाच हवा असे नाही. पण मग तेलाची बाटली विसरून चालणार नाही.

तेलाविषयी एक गैरसमज घराघरांत आहे. खोबरेल हाताशी असते म्हणून लावले जाते. पण ते थंडीत थिजते, दिवस गेले की खवट होते आणि पात्यावर चिकट थर धरते. त्यापेक्षा शिलाई मशीनचे तेल बरे. ते खनिज तेल असते, खवट होत नाही, आणि त्याची लहान बाटली कुठल्याही गावात मिळते. दोन थेंब पुरतात.

दुसरा प्रश्न पात्याच्या घासणीचा. पाते आडवे छेदून पाहिले तर पाचरीसारखे भरीव असते किंवा दोन्ही बाजूंनी कमीअधिक खोलगट. पूर्ण पोकळ पाते कागदासारखे पातळ. दाढीवरून फिरताना ते बारीक आवाज करते आणि त्या आवाजावरूनच सरावलेल्या माणसाला कोन चुकला की बरोबर ते कळते. भरीव पाचर मुकी असते, दांडग्या केसांवर रेटून जाते, वजनाने जड लागते. या दोहोंच्या मधले, अर्धे पोकळ पाते प्रवासाला सोयीचे. पूर्ण पोकळ पात्याची धार जराशा धक्क्याने वाकते, आणि अनोळखी न्हाणीघरात धक्का लागणार हे गृहीत धरावे. हॉटेलात दगडी किंवा चिनीमातीचे बेसिन, लांब पुढे आलेला नळ, आरसा दूर आणि दिवा डोक्यावर. वस्तऱ्याची धार दाढी करताना जितकी बिघडते त्याहून नळाखाली धरताना जास्त बिघडते. बेसिनमध्ये टॉवेल अंथरणे आणि पाते नळाखाली न धरता ओल्या फडक्यावर पुसणे एवढ्याने निम्मे अपघात टळतात.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगण्याची रीत आहे. पाच अष्टमांश म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, सहा अष्टमांश म्हणजे १९. रुंद पाते अधिक फेस धरते, वारंवार पुसावे लागत नाही. अरुंद पाते नाकाखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात सहज वळते. प्रवासाला पाच अष्टमांश बरे. जिथे पाण्याची टंचाई, तिथे सहा अष्टमांशाचा विचार करता येईल, पण त्याहून रुंद पाते कुठल्याही पिशवीत उगाच जागा अडवते. टोक गोल असावे. चौकोनी आणि अणकुचीदार टोकाने मिशीची रेघ नेमकी काढता येते, हे खरे. पण अंधूक उजेडात तेच टोक कानाच्या पाळीला लागते. मिशीच्या डौलासाठी प्रवासात कानाची पाळी पणाला लावण्यात अर्थ नाही.

मुठीकडे लोक शोभेसाठी पाहतात. प्रवासात तिच्याकडे रसायन म्हणून पाहावे. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात, कधी कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी, कधी हस्तिदंताची नक्कल केलेल्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, जुन्या चित्रपटांच्या रिळांचाच भाऊबंद: चटकन पेट घेणारा. जुना झाला की तो आतून विघटित होऊ लागतो आणि त्यातून सुटणारे आम्लधर्मी वायू मिटलेल्या पात्याला गंजवतात. पात्याचा नेमका मुठीत झाकला जाणारा भागच काळवंडलेला दिसला, मुठीला कापराचा किंवा आंबूस वास आला, तर तो वस्तरा बंद डबीत घालून दुसऱ्या वस्तऱ्याशेजारी ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर नाहीच. शिंगाची मूठ उष्ण-कोरड्या हवेत वाकते आणि लाकडाची ओलीत फुगते. साधी प्लॅस्टिकची मूठ दिसायला सामान्य, पण तिला यातले काही होत नाही.

हस्तिदंताची मूठ असलेला वस्तरा देशाबाहेर नेण्याचा विचारही करू नये. १९८९ साली वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या सदस्य देशांनी आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरवले, आणि भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याच्या पुढच्या दुरुस्त्या आहेत. आजोबांची वस्तू आहे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटवून देण्यात विमान निघून जाते. खऱ्या कासवाच्या पाठीच्या मुठीचेही तेच.

घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. वस्तरा हळूच मिटून वरून पाहावा: पाते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध यायला हवे. एका बाजूला कलत असेल तर प्रत्येक मिटण्यागणिक धार मुठीला घासते. मग मिटलेला वस्तरा उलटा धरून हलवावा. पाते आपोआप बाहेर पडत असेल तर खीळ सैल आहे. बॅगेच्या हादऱ्यांत ते उघडणार आणि कपडे चाळणाऱ्या बोटांना सापडणार. खीळ बारीक हातोडीने ठोकून घट्ट करता येते, आणि तरीही मुठीभोवती एक रबरबँड गुंडाळणे शहाणपणाचे. दुकानात वस्तऱ्याच्या आकाराच्या पण वस्तरा नसलेल्या शोभेच्या वस्तूही पुष्कळ असतात: पात्यावर नक्षी, वाघाचे तोंड, चकचकीत मुलामा, आणि पोलाद असे की पथरीवर महिना घालवला तरी धार धरणार नाही. ज्याची पाठ लांबीभर सारखी जाड नाही तो वस्तरा परत ठेवावा.

चांगल्या वस्तऱ्याला चांगल्या चामोटीची साथ लागते, आणि प्रवासात अडचण इथेच येते. घरची चामोटी खुंटीला टांगून ताणलेली, दीड-दोन फूट लांब. हॉटेलात खुंटी नसते. टॉवेलच्या दांडीला अडकवून ओढले तर दांडीच हातात येते. त्यासाठी लाकडी पट्टीवर चामडे चिकटवलेली हातातली चामोटी न्यावी. वीतभराहून थोडी लांब पट्टी पुरते. एका बाजूला साधे चामडे, दुसऱ्या बाजूला क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्या लेपाचा पातळ हात असला की पथरीची गरज उरत नाही. रोज दाढीआधी साध्या चामड्यावर तीसचाळीस फेरे, पाठ पुढे आणि धार मागे. धार मंद वाटली तर हिरव्या बाजूवर पाचसहा. फेरा उलटताना वस्तरा पाठीवर फिरवायचा, धारेवर नव्हे. धारेवर फिरवला तर चामडेही कापले जाते आणि धारही गोल होते. चामोटी विसरली तर कंबरेच्या पट्ट्याचा मोह होतो, पण पट्ट्याला शिवण असते, टिकल्या असतात, वर रंगाचा मुलामा असतो. त्यापेक्षा वर्तमानपत्राचा कागद चार घड्या घालून सपाट काचेवर ठेवावा. अडीअडचणीला त्याने काम भागते. तळहातावर पलाटण्याची कला ज्यांच्या हातात पिढ्यांनी उतरली आहे त्यांनीच ती करावी.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरी पथरीवर धार नीट लावून घ्यायची, एवढे केले की पंधरा दिवस निभतात. महिन्याहून मोठा प्रवास असेल तर पथरी बाळगण्यापेक्षा दुसरा वस्तरा बाळगणे हलके. मिटलेला वस्तरा सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि पन्नासेक ग्रॅम वजनाचा असतो; पथरी त्याच्या कितीतरी पट. घरगुती शौकीन पूर्वी आठवड्याच्या सात वारांचे सात वस्तरे एका पेटीत ठेवत. ती पेटी प्रवासाची नव्हे, पण दोन वस्तऱ्यांचा जोड ही त्यातली व्यवहाराला लागणारी गोष्ट आहे.

मिटणाऱ्या वस्तऱ्याला पर्यायही आहेत. जपानी कामिसोरी एकाच पोलादी कांबीचा, न मिटणारा असतो. त्याची दांडी वेताने गुंडाळतात. पाते आखूड, बळकट, दोन्ही अंगांनी वेगवेगळे घासलेले. खीळ नाही म्हणून फटीतला गंज नाही, मूठ नाही म्हणून ती वाकणार नाही. पण धार उघडी, तेव्हा लाकडी किंवा जाड चामड्याचे म्यान हवे, आणि त्याचे पाते एका ठरावीक बाजूने धरायचे असल्याने सवय नसलेल्याचा डावा गाल पहिला आठवडा भोगतो. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात रोल्स रेझर नावाची एक चतुर डबी निघाली. धातूची चपटी पेटी. एका झाकणात चामडे, दुसऱ्या झाकणात पथरी, मध्ये वस्तऱ्यासारखेच जाड पाते. दांडा पुढेमागे ढकलला की खटखट आवाज करत पाते झाकणावर आपोआप परजले जाई. सगळी धोकटी एका डबीत मावली. ती काढणारी कंपनी पुढे कपडे धुण्याची यंत्रे विकू लागली आणि १९६४ साली बुडाली. डब्या मात्र जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून फिरतात, आणि बऱ्याच चालतात.

ही डबी निघाली तोपर्यंत प्रवासी माणसाने वस्तरा बराचसा सोडलेलाच होता. किंग कॅम्प जिलेटने बदलत्या पात्याचा रेझर १९०३ साली विकायला काढला तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख घेतले. खंदकात चामोटी टांगायला जागा नव्हती.

सलूनमध्ये आज दिसतो तोही जुन्या अर्थाने वस्तरा नव्हे. कारागीर दुधारी पाते कागदी वेष्टनासकट दोन बोटांत धरतो, मधोमध कट् करून मोडतो आणि अर्धे पाते खाचेत सरकवतो. एड्सबद्दलची जागृती वाढल्यावर ही रीत गावोगाव रुळली, आणि ती योग्यच झाली. प्रवाशाच्या दृष्टीने तिचा फायदा असा की चामोटी नको, तेल नको, पथरी नको; प्रत्येक गावात पाते मिळते. तोटा हाताला जाणवतो. अर्ध्या पात्याची धार कोवळी पण निर्दय असते. वस्तऱ्याच्या पाठीचे वजन हाताला सावरते, तसे इथे काही नसते, आणि दाब जरा वाढला की रक्त येते. खऱ्या वस्तऱ्याची सवय असलेल्याने हा प्रकार पहिल्यांदा लग्नाच्या दिवशी सकाळी करू नये.

विमानाने जायचे तर निवड बरीचशी सुरक्षा तपासणीच ठरवते. केबिनमध्ये न्यायच्या सामानात वस्तरा चालत नाही, भारतात नाही आणि बाहेरही नाही. सापडला तर तो तिथेच सोडावा लागतो. चेक-इन सामानात चालतो, पण बॅग तपासणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही असा बांधलेला हवा. म्हणूनही प्रवासाचा वस्तरा जिवापाड जपावा असा नसावा, कारण बॅग हरवते. फक्त केबिनचे सामान घेऊन जाणाऱ्याने वस्तरा घरी ठेवावा. अमेरिकेच्या नियमांत पाते काढलेला रिकामा दांडा चालतो, पाती उतरल्यावर विकत घेता येतात. पण शेवटी निर्णय समोरच्या जवानाचा असतो, त्यामुळे तो दांडाही स्वस्तातला न्यावा. रेल्वेने जाणाऱ्याला ही कटकट नाही. त्याने एवढेच पाळावे की धावत्या गाडीत वस्तरा उघडू नये.

बांधणीत चामड्याचे म्यान दिसायला छान, पण ते ओल धरून ठेवते आणि कमावताना लागलेल्या रसायनांनी पात्यावर डाग पडू शकतात. कोरडे फडके गुंडाळून कडक प्लॅस्टिकची डबी, आत औषधाच्या बाटलीतून निघणारी सिलिका जेलची पुडी, एवढे बस्स. दाढी झाली की पाते पाठीकडून धारेकडे पुसावे, खिळीजवळ टिशूचे टोक घालून फिरवावे, चामड्यावर दहा फेरे मारावेत म्हणजे धारेवरचे पाणी जाते. मग तेलाचा हात. मुक्काम असेल तर वस्तरा अर्धा उघडा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा.

आणि प्रवास संपल्यावर बॅग रिकामी करताना कपड्यांच्या आधी वस्तरा बाहेर काढावा. बहुतेक वस्तरे गंजतात ते प्रवासात नव्हे, परत आल्यावर आठवडाभर न उघडलेल्या बॅगेत.